जुन्या वायरींचे टाके

पॉवर सप्लाय उडाला तेव्हा असा काही फाटकन आवाज झाला, की शेजारचं मांजर तीन घरं पलीकडे राहायला गेलं, आणि जाताना निरोपसुद्धा ठेवून गेलं नाही. कॉम्प्युटर सूनबाईचा. भरतकामाची नक्षी ती त्यावर काढायची, मग ती मशीनवर जायची आणि कापडावर उतरायची. अकरा वर्षांची सगळी नक्षी एकाच डिस्कवर. दुसरीकडे उतरवून ठेवायचं ती दर आठवड्याला ठरवायची, आणि दर आठवडा मेला रविवारी संपायचा.

सासरे शिंपी. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी कात्री खाली ठेवलेली. पण हा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा आतल्या वायरींचा गुंता बघून त्यांना राहवलं नव्हतं. दोन दिवस बसून, मेण लावलेल्या दोऱ्यानं त्यांनी सगळ्या वायरी अशा बांधल्या होत्या, की दुरुस्तीवाला आला की आधी पाच मिनिटं हात मागे बांधून नुसता बघत राहायचा. त्यानंतर सासऱ्यांच्या हातचं असं घरात काही झालं नव्हतं.

दुकानदारानं पॉवर सप्लायच्या जुन्या डब्यावरचा आकडा विचारला. साडेचारशे वॅट. सूनबाईनं स्वस्तातला एक उचलला, तर तो जोरात फुंकर मारली तर उडेल इतका हलका. शेवटी साडेपाचशेचा घेतला, चांगला जड, पाच वर्षांच्या हमीचा. ती दारापर्यंत गेल्यावर दुकानदारानं परत बोलावलं. याच्याही वायरी जुन्यासारख्याच दोन्ही टोकांनी सुटतात, म्हणाला, पण लावायच्या त्या याच खोक्यातल्या. कंपनी बदलली की डब्याकडच्या टोकातली तारांची मांडणी बदलते. जुनी वायर बसते झकास, पण पाच व्होल्ट जायचे तिथं बारा जातात आणि डिस्क जागच्या जागी जळते.

घरी येऊन तिनं खोकं टेबलावर ठेवलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गळ्याला वेल हवी, की पानं, की दोन्ही, यात पाऊण तास गेला. परत आली तर सासरे स्क्रू पिळत होते.

"बसवला," ते म्हणाले. "डबा काढला, डबा घातला. एक टाका हलला नाही. चालू तू कर, तुझा आहे."

नव्या वायरींची पिशवी खोक्यात तशीच होती, न फोडलेली.

सूनबाईच्या मनात आलं, नवा डबाच खराब निघाला म्हणावं, आणि उद्या ते झोपले की गुपचूप वायरी बदलाव्यात. म्हातारा माणूस, किती दिवसांनी असा ताठ बसलाय. मग तिला वाटलं, खोटं बोलून जपलेल्या टाक्यांकडे आपल्याला पुन्हा बघवेल का?

"बाबा, आधी प्लग काढा."

त्यांनी काढला. सगळ्या वायरी तर घट्ट बसल्यात, म्हणाले.

"गुंडी कुठल्याही काजात बसते. पण पहिलीच एक काज खाली गेली तर?"

"सदरा वाकडा."

"इथं जळेल. सगळी नक्षी जाईल." मग तिनं दुकानदाराचं सगळं सांगितलं.

सासऱ्यांनी आत्ताच पिळलेले स्क्रू परत काढले. उठले आणि टाके उसवायचं पातं घेऊन आले. जन्मभर लोकांचं उसवलं, स्वतःचं कधी नाही, असं पुटपुटत खाली बसले. हात थरथरत होता. ती म्हणाली, मी करते.

"टाके माझे आहेत," ते म्हणाले. "कुठं चोरून घातलेत ते तुला सापडायचं नाही. दिवा धर."

दीड तास लागला. नव्या वायरी लागल्या, भाताच्या शितांसारख्या मोकळ्या, जिकडेतिकडे. सूनबाईनं प्लग लावून बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला आणि वेली, पानं, मोर ओळीनं उभे राहिले.

ती तशीच धावत जाऊन कपाटातली दुसरी डिस्क घेऊन आली आणि नक्षी तिच्यावर उतरवायला लावली. सासऱ्यांनी स्टूल ओढलं. एकेक नाव सरकत होतं, ते बोट ठेवून वाचत होते. जेवायला हाक मारली तर मान हलवली. अजून सगळी आत गेली नाहीत, म्हणाले, तू जेवून घे.

ती त्यांच्या शेजारीच बसली.