धोंड्याचा महिना आणि शेषेरावांचा पास

उमरीहून नांदेडला जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरच्या तिसऱ्या डब्यात बिनतिकिटाचा माणूस दोन स्टेशनंसुद्धा टिकत नसे. टीसीमुळे नव्हे, शेषेराव शिंप्यांमुळे. नांदेडात वजिराबादेत शाळेचे गणवेश शिवणारे शेषेराव टाळ घेऊन खिडकीशी बसत आणि भजनाला तोंड फुटण्याआधी एकेकाला पास विचारत. "आधी गाडीचं भाडं, मग देवाचं नाव," असं त्यांचं म्हणणं. गेल्या साली भाजीवाल्या धुरपताबाईला त्यांनी भरल्या डब्यात असं सुनावलं, की दुसऱ्याच दिवशी बाईनं पास काढला. पास पिशवीत ठेवला आणि ते बोलणं मात्र मनात.

तर शनिवारची गोष्ट. शेषेराव भलतेच खुशीत होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मागं टाळ धरून उभे राहिलेल्या या माणसाला रविवारी सकाळी, उमरीच्या सप्ताहात, पहिल्यांदाच कीर्तनाला उभं राहायचं होतं. ठरलेल्या महाराजांना ताप आला होता.

मुदखेडला नवा टीसी चढला. उदगीरकडचा माणिकप्पा. शेषेरावांनी टाळ मांडीवर ठेवून ऐटीत पास काढला.

"बाबा, हा पास संपलाय की. सव्वीस जूनलाच."

"संपल कसा? रामनवमीला काढलाय, तीन महिन्याचा. चैत्र नवमी ते आषाढ नवमी. आन् आषाढ अजून लागायचाय!"

माणिकप्पानं पास उलटा धरला, सुलटा धरला.

"मधी अधिक महिना आला न्हवं?" शेषेराव त्याला समजावू लागले. "दोन ज्येष्ठ झाले औंदा. अधिकाचा महिना हिशेबात धरत न्हाईत, साहेब. त्यात लग्न न्हाई, मुंज न्हाई. मग पास कसा धरायचा?"

जिल्हा परिषदेत नोकरी करणाऱ्या पंचशीलाताई रोज समोर बसून भजन ऐकत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "काका, पंचांगाला अधिक महिना असतो. रेल्वेला न्हाई. पंधरा दिवस झाले, तुम्ही फुकट येऊन राहिलात."

"धोंड्याच्या महिन्यात फुकट जेवण जावयाला असतंय," माणिकप्पा पावतीपुस्तक उघडत म्हणाला. "तुम्ही काय रेल्वेचे जावई हाव का?"

डबा असा हसला की टाळांची गरजच उरली नाही. शेषेरावांनी मुकाट्यानं दंड भरला. पण त्यांची नजर होती धुरपताबाईवर. बाई त्यांच्याच गल्लीतली. तिनं सांगितलेली बातमी नळाला पाणी यायच्या आधी घरोघर पोचत असे. आणि उद्या कीर्तन! फुकट्या महाराजाच्या तोंडून कोण काय ऐकणार?

"धुरपता," नांदेड आल्यावर ते हळूच म्हणाले, "गावात जरा..."

"मी काय बोलले का, महाराज?" बाई गोड हसली. 'महाराज' ती त्यांना पहिल्यांदाच म्हणत होती. त्या दिवशी दुकानात त्यांनी तीन सदऱ्यांना उलट्या बाह्या लावल्या.

रविवारी मंडप भरला. फेटा बांधून शेषेराव उभे राहिले, पखवाज घुमला, गजर झाला. आणि समोर, बायकांत पहिल्याच रांगेत, धुरपताबाई. तिच्या आजूबाजूच्या चारपाच जणी तिच्याकडं कान करून बसलेल्या. म्हणजे बाईनं राखून ठेवलंय, कीर्तन सुटल्यावर वाटणार.

शेषेराव पाठ केलेलं सगळं विसरले. मग एकदम ते म्हणाले, "एक शिंपी व्हता. लोकायला पास विचारायचा. सोताचा मातर पंचांगात बघायचा."

लोकांनी कान टवकारले. शेषेरावांनी मग मुदखेड आणलं, टीसी आणला, त्याची उदगिरी बोली आणली, रेल्वेचा जावई आणला. मंडप हसून हसून लोळायच्या बेताला आला. धुरपताबाई एकटी ताठ बसून होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"त्या शिंप्याचं नाव सांगा की, महाराज!"

टाळ थांबले. शेषेरावांनी उपरणं सावरलं.

"नाव शेषेराव. हाच की तो, तुमच्या म्होरं उभा हाय. दुसऱ्याचं पाप उजेडात मोजलं मायबाप, आन् आपलं अंधारात ठिवलं. कालच्याला देवानं टीसीचा डगला घालून दिवा लावला."

पखवाजवाल्यानं आपणहून थाप मारली आणि गजर असा चढला की मंडपाचं कापड थरथरलं. म्हातारे डोळे पुसत हसत होते.

कीर्तन सुटल्यावर पाया पडायला रांग लागली. धुरपताबाई आली, वाकली, आणि पायावर डोकं ठेवूनच चिडक्या आवाजात पुटपुटली,

"समदं तुम्हीच सांगून मोकळे झालात. आता मी गल्लीत काय सांगू?"