आतला माणूस

“तुला बोलायची बंदी आहे, ठाऊक आहे मला,” ताई हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाली. “उगाच नोकरी घालवून बसशील.”

काविळीने तिचे डोळे पिवळेधमक झाले होते. भाऊ शेजारी स्टुलावर बसून चौथ्यांदा तेच सांगत होता. नळाच्या पाण्यात असतं ते फक्त जंतू मारायचं क्लोरीन, आणि बावीस वर्षं तो ते स्वतःच्या हाताने सोडत आला आहे.

“ताई, मी थाप मारली होती गं.”

“आता असंच म्हणायला लावणार ते तुला.”

“मग ही कावीळ कशाने झाली?”

“इतकी वर्षं पोटात गेलेलं औषध बाहेर पडतंय.”

कप्पाळ! खोटं एका वाक्यात पटलं होतं, खरं मात्र चार दिवस गळी उतरत नव्हतं.

जलशुद्धीकरण केंद्रातल्या साध्या ऑपरेटरला नातेवाइकांत कोण विचारतो? दोन महिन्यांपूर्वी ताईकडे सगळे जेवायला जमले होते. बँकेतला चुलतभाऊ बोलत होता, बाकीचे माना डोलावत होते. नळाच्या पाण्याला वास येतो, असं कुणीतरी म्हणालं आणि या ऑपरेटरने संधी साधली.

“त्यात काय काय पडतं ते आम्हालाच ठाऊक,” तो डोळा मारून म्हणाला. “पण बोलायची सोय नाही.”

सगळ्यांचे घास थांबले. त्या दिवशी बँकवाल्याच्या आधी त्याला वाढलं गेलं.

आठवड्याभरात ते वाक्य तिखटमीठ लावून त्याच्याच फोनवर परत आलं. ‘पाणीखात्यातल्या आतल्या माणसाने सांगितलंय, लोकांना शांत ठेवायचं औषध मिसळतात.’ तो गालातल्या गालात हसला आणि गप्प बसला. ताईने मात्र नळ कायमचा बंद करून परसातल्या जुन्या, वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरीत पोहरा सोडला. आई गेल्यावर तिनेच याला लहानाचा मोठा केला होता. त्याचा शब्द तिला कधी खोटा वाटलाच नाही, आणि त्याचीच आता त्याला लाज वाटत होती.

“घरी गेल्यावर निदान उकळून पी,” तो म्हणाला.

“विहिरीचं पाणी कशाला उकळायचं?”

ती घरी यायच्या आदल्या दिवशी, भरदुपारी, तो तिच्या परसात शिरला. सदऱ्याखाली ब्लीचिंग पावडरची पुडी होती. त्याने बादलीत ती मापाने कालवली, कुणी पाहत नाही ना याची खात्री केली आणि पाणी विहिरीत ओतलं. जे काम तो रोज उजळ माथ्याने करी, ते आज त्याला चोरून करावं लागत होतं. तेव्हापासून ताई देवळात निघाली की तो दर आठवड्याला येऊन जातो.

ताई हळूहळू सावरली. एकदा तो भेटायला गेला, तेव्हा शेजारीण बसली होती. “माझ्या भावाने वेळेवर सांगितलं म्हणून वाचले,” ताई तिला म्हणाली आणि त्याच्या हातात पेला दिला.

“पी. यात कुणी काही टाकलेलं नाही.”

ओळखीचा वास पुसटसा नाकात गेला. दोघी त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या.

“गोड आहे,” तो म्हणाला, आणि त्याने पेला रिकामा केला.