पाचशे त्रेचाळीस वर्षांनंतरचं जेवण

चिंचा सोलताना बोटं काळी होतात आणि आठवडाभर तशीच राहतात.

"तुमचं वय आता उणे चारशे एकाहत्तर वर्षं. वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

लाम्पांगच्या बाजारात कोंबड्याचं चित्र काढलेले वाडगे मिळतात. काठाला टवका उडालेला असला की स्वस्त. माझ्याकडे असे दोन आहेत, एक वापरात.

कोरियातल्या त्या कारखान्यात कामाची पाळी सुरू झाली की फोन कपाटात ठेवावा लागतो.

यमाला रोज हाक मारू नये.

*

यातल्या शेवटच्या गोष्टीपासून सुरू करते.

आमचं अ‍ॅप मुळात एका थंड देशातल्या लोकांनी बनवलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने रोज एक बटण दाबायचं. दोन दिवस दाबलं नाही, तर त्याने दिलेल्या नंबरावर संदेश जातो. त्यांच्या बटणावर लिहिलं होतं, 'मी जिवंत आहे'. थाईत तेच जसंच्या तसं घालून मी विहाराच्या मंडपात म्हाताऱ्यांना दाखवायला नेलं, तर एकीने फोन परत माझ्या मांडीवर ठेवला.

"रोज उठून यमाला आठवण करून द्यायची? तो विसरलाय तर विसरू दे की बाई!"

"आणि दुपारी दाबलं न् संध्याकाळी गेले तर खोटारडी ठरेन ना मी," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. बटण कुणीच दाबलं नाही.

म्हणून मी ते बदलून 'जेवण झालं' केलं. अ‍ॅपचं नाव ठेवलं 'इम', म्हणजे पोट भरलं. मग सगळ्यांनी दाबलं. जेवलात का, हे आमच्याकडे कुणीही कुणालाही विचारतं, आणि जेवले म्हणायला यमाची आडकाठी नसते.

अ‍ॅप चाललं. मी लाम्पांगमध्ये एका खोलीत राहते आणि तिथूनच काम करते. बाकीची मंडळी बँकॉकला. ती मला पडद्यावर छातीपर्यंतच ठाऊक आहे.

*

"पुई, एक आजोबा भडकलेत," बँकॉकहून वुतदादा म्हणाला. आमच्या गटाचा तो प्रमुख. "अ‍ॅपने त्यांना जन्मालाच घातलं नाही अजून. वय उणे दाखवतंय."

"मी बघते, दादा."

"बघ. आणि हसू नकोस, ते खरंच रडवेले झालेत."

अशा वेळी आम्ही ठरलेल्या तीन ओळी भरतो. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

काय केलं: जन्मसाल २४९५ लिहिलं.
काय व्हायला हवं होतं: वय बहात्तर.
काय झालं: अजून जन्म व्हायचाय.

माझा फोन इंग्रजीत असतो. वुतदादाचाही, सगळ्यांचेच. दुसऱ्यांसाठी भाषा जुळवणाऱ्यांचे फोन त्या भाषेत नसतात. मी चाचणीचा जुना फोन काढला, तो थाईत केला आणि तारीख बघितली. २५६७. बरोबर, हेच तर साल चालू आहे. बुद्धाच्या निर्वाणापासून मोजलेलं. पण फोन जिथे सगळं पाठवतो त्या थंड देशातल्या यंत्राला हे साल कुणी समजावलेलं नव्हतं. त्याच्याकडे, आणि इंग्रजीत ठेवलेल्या फोनांवरही, २०२४ चालू होतं.

वय दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. हात धुवून उठणार होते. मग मनात आलं, फोन जन्मसाल असं पाठवतो, तर जेवणाची तारीख कशी पाठवत असेल?

उघडून बघितलं. थाईत ठेवलेल्या प्रत्येक फोनवरचं शेवटचं जेवण २५६७ सालातलं होतं. म्हणजे यंत्राच्या हिशेबाने अजून पाचशे त्रेचाळीस वर्षांनी व्हायचं. आणि यंत्र दिवसातून एकदा एवढंच विचारायचं: शेवटच्या जेवणाला दोन दिवस उलटून गेले का?

नाही, गेले नाहीत. जाणारही नव्हते. आमची सगळी म्हातारी माणसं पाचशे त्रेचाळीस वर्षं जेवलेली होती.

कुणाची तक्रार कशी नाही आली, असं वुतदादाने नंतर विचारलं. कशी येणार? संदेश आला नाही की पोरं म्हणत, आई बरी आहे. बिघाड असा, की सगळे खूश.

*

बहुतेक सगळे रोज दाबत होते. एकजण मुळीच दाबत नव्हतं. सेंगला नावाच्या बाई, चेहोम तालुका, आमच्याच जिल्ह्यातल्या. बरेच दिवस काही नाही. संपर्काचा नंबर मुलाचा, इंता नावाच्या, कोरियात कारखान्यात कामाला असलेल्या.

मी सेंगलांना फोन लावला. बंद.

"मुलाला कळवू का?" मी वुतदादाला विचारलं.

"काय कळवणार? तुमची आई बहुतेक गेली, आणि आमच्या यंत्राला वाटलं ती जेवतेय? आधी खात्री कर. गावातल्या आरोग्यसेविकेला सांग जायला."

"चेहोम लांब नाहीये. मीच जाते."

"तू? तू तर बाजारातही जात नाहीस."

हे खरं होतं. मी दोन बाकांच्या पिकअपमध्ये बसले. समोर कोथिंबिरीच्या जुड्या होत्या आणि एक शाळकरी मुलगी झोपली होती. डोंगर लागले तसं थंड वाटू लागलं. सबंध रस्ताभर मी एकच वाक्य जुळवत होते, म्हणजे दार उघडणाऱ्या माणसाला मी कोण हे कसं सांगायचं ते. पण दार उघडायला कुणी असेलच असं नव्हतं, आणि मग कुणाला सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

*

सेंगला खांबांवरच्या घराखाली, सावलीत बसून चिंचा सोलत होत्या.

मी फाटकातच उभी राहिले. हात जोडायचे राहून गेले. तोंडातून एवढंच निघालं, "मावशी, जेवलात का?"

"जेवले की. का, घेऊन आलीस?"

मग मी हात जोडले आणि खाली बसले.

"कोण गं तू? विमावाली असशील तर घरात पैसे नाहीत, आणि मी मरणार पण नाही."

"मी पुई. ती इमवाली. फोनमधली."

त्यांचे हात थांबले. "बटणवाली?"

"हो."

"म्हणजे इंताने पाठवलं तुला?" त्यांनी चिंच खाली ठेवली. चेहरा असा उजळला, की मला खोटं बोलावंसं वाटलं.

"नाही, मावशी. मी आपली आले."

"हं." त्यांनी चिंच पुन्हा उचलली.

"तुम्ही बटण का दाबत नाही?" मी विचारलं. "फोन बिघडला का?"

"फोनला काय धाड भरलीय! डब्यात ठेवलाय, तांदळाच्या."

"मग?"

"तूच ना सांगितलं होतंस मंडपात? दोन दिवस नाही दाबलं तर पोराला कळतं म्हणून? मी होते तिथे. मागे बसले होते." बी टोपलीत टाकली. "तो पैसे पाठवतो हो. वेळेवर पाठवतो. पण बोलत नाही. थकतो म्हणतो. रोज मी जेवण झालं दाबलं की त्याचं काम झालं. आई जेवली, चला झोपा. म्हटलं, बघू तरी, नाही दाबलं तर काय करतो."

"आणि?"

"आणि काय. तू आलीस."

मी म्हटलं, "मावशी, त्याला कळलंच नाहीये." आणि सालाची गोष्ट सांगितली. २५६७, २०२४, यंत्राला काय वाटलं ते. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्या हसायला लागल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

"म्हणजे मी अजून पाचशे वर्षं जेवलेलीच?"

"पाचशे त्रेचाळीस."

"अगं माझ्या बाई! एवढा भात कुठून आणायचा?" मग हसणं अचानक थांबलं. "नक्की कळलं नाही ना त्याला? माझी समजूत घालत नाहीयेस ना?"

"नाही. नक्की."

"शप्पथ नको, नुसतं सांग."

"संदेश गेलाच नाही, मावशी."

त्यांनी मान हलवली आणि वरून भाताची टोपली आणली. चिकट भात, हिरव्या मिरचीचा ठेचा, उकडलेल्या शेंगा. मी खूप दिवसांनी कुणाच्या तरी समोर बसून जेवत होते, हे तिसऱ्या घासाला माझ्या लक्षात आलं.

"तुम्हीच का नाही फोन करत त्याला?"

"मी केला तर मी केला ना," त्या म्हणाल्या. "त्याने केला, असं कुठे होतं?"

निघताना त्यांनी चिंचांची पिशवी दिली. "दुरुस्त झालं की कळव. फोन चालू ठेवते, पण तोवर मी काही दाबायची नाही."

*

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारी तयार झाली. अडचण दुसरीच होती. खरं साल लावल्याबरोबर यंत्राच्या ध्यानात येणार होतं, की कुणी कुणी नेमकं गेले दोन दिवस दाबायचं विसरलंय, आणि एकदम सगळीकडे संदेश सुटले असते.

"लोक घाबरून मरतील," वुतदादा म्हणाला. "सगळ्यांचं शेवटचं जेवण आजचं करून टाक. आज सगळे जेवले. उद्यापासून नीट मोजायला लागेल."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. का?"

त्याचं बरोबर होतं. पण त्या हिशेबाने सेंगला मावशीही आज जेवल्या असत्या, आणि इतके दिवस फोन तांदळात ठेवून त्या जे करत होत्या, ते झालंच नसतं. कुणालाही कधीही कळलं नसतं.

"एक सोडून," मी म्हटलं. "त्यांनी खरंच दाबलेलं नाहीये, दादा. तो संदेश खरा आहे."

त्याच्या मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं. "म्हातारी ठणठणीत आहे ना पण?"

"आहे."

"मग पोराला उगाच..." तो थांबला. "माझी आई चंथाबुरीत असते," तो म्हणाला. मग, "कर," म्हणाला आणि फोन ठेवला.

काय केलं: सेंगलांचं साल खरं केलं. तारखेला हात लावला नाही.
काय व्हायला हवं: मुलगा फोन करेल.
काय झालं:

ती ओळ रिकामी ठेवून मी बसून राहिले. पडद्यावर आलं, संदेश पोहोचला. नंतर आलं, वाचला. त्यापुढचं आमच्या यंत्राला दिसत नाही. मी चिंचा सोलायला घेतल्या.

*

संध्याकाळी मावशींचा फोन आला. मागे विहाराची घंटा ऐकू येत होती. उपोसथाचा, म्हणजे व्रताचा दिवस होता, त्यांनी अष्टशील, म्हणजे खोटं न बोलण्यासारखे आठ नियम दिवसभर पाळायचं व्रत घेतलं होतं.

"केला त्याने," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाळी सुटल्या सुटल्या. धापा टाकत होता."

"काय म्हणाला?"

"आई, काय झालं, जेवली नाहीस का? म्हटलं, जेवले. मग दाबलं का नाहीस? म्हटलं, विसरले." थोडं थांबून, "शील घेऊन बसलेय आणि खोटं बोलले. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत. मग?"

"मग म्हणाला, विसरत जाऊ नकोस गं, पोटात गोळा आला. आणि ठेवला. बस पकडायची होती त्याला."

"एवढंच?"

"एवढंच," त्या म्हणाल्या. "तू जेवलीस का?"

"हो," मी म्हटलं. मीही खोटंच बोलले.

उद्यापासून त्या रोज दाबतील. त्याच्या पोटात पुन्हा गोळा येऊ नये म्हणून. म्हणजे तो पुन्हा फोन करणार नाही. हे दोघींनाही कळत होतं आणि ते दुरुस्त करण्यासारखं नव्हतं.

*

चाचणीसाठी अ‍ॅपमध्ये मी स्वतःचं नाव घातलेलं आहे. संपर्काचा नंबर म्हणून माझाच दुसरा फोन. दुरुस्ती तपासायला माझा फोन थाईत केला होता, आणि नंतरचे दोन दिवस मी दाबायचं विसरले. टेबलावरचा जुना फोन थरथरला, पुई यांनी जेवण नोंदवलेलं नाही, कृपया चौकशी करा. दुरुस्ती नीट चालते आहे, असं मी वुतदादाला कळवलं. मग टवका उडालेला वाडगा घेतला आणि भात वाढला.

*

सेंगलांचा फोन दुकानातून आला तेव्हा इंग्रजीत होता. कोरियाला निघायच्या आदल्या दिवशी पायरीवर आईशेजारी बसून इंताने तो थाईत करून दिला, तिला वाचता यावं म्हणून.