निम्मा निरोप

“सर, परत निम्म्यावरच थांबलंय,” ताईंनी कागद टेबलावर ठेवला.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे तुमचं ते दुसरं प्रथिन परत खराब झालं, ताई.”

ताई या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं पेशी वाढवत, प्रथिनं गाळून शुद्ध करत आल्या होत्या. मामला असा होता : रोगाशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते प्रथिनांच्या हाती. पेशीच्या अंगावर निरोप घेणारा रिसेप्टर असतो, त्याचे दोन भाग. प्रथिनाने दोघांना जवळ ओढलं की निरोप आत पोचतो. यांच्याकडची दोन प्रथिनं एकाच रिसेप्टरला चिकटायची. पण पहिल्याने पेशी खडबडून जागी व्हायची आणि दुसऱ्याने जेमतेम कूस बदलायची; मोजलं की आकडा पहिल्याच्या निम्माच.

अकरा वर्षांपूर्वीही असंच आलं होतं. “हात बसला नाही अजून तुमचा,” सर म्हणाले होते, आणि ताईंनी मुकाट्याने त्या आकड्यांवर काट मारली होती. पुढे कितीतरी दिवस पिपेट धरताना त्यांना स्वतःच्याच बोटांचा भरवसा वाटत नसे.

आज मात्र त्या दारापर्यंत जाऊन मागे फिरल्या.

“खराब असतं, तर दसपट घातल्यावर तरी आकडा पूर्ण चढला असता ना? मी घालून बघितलं. जागचा हलत नाही.”

“मग?”

“मग तुम्हीच नळ्यांवर आकडे टाका. कुठल्या नळीत काय, ते मला सांगू नका.”

सरांनी दोन्ही प्रथिनं सहा नळ्यांत भरली, वर आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि यादी खिशात घातली. दोन दिवस ताईंनी डबासुद्धा उभ्याउभ्याच खाल्ला.

तिसऱ्या दुपारी सरांनी यादी काढली. ताईंच्या आकड्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. तीन नळ्या पूर्ण, तीन निम्म्या. आणि निम्म्या तिन्ही त्या दुसऱ्या प्रथिनाच्याच.

“हे त्या दोन भागांना सैल धरत असणार,” ते हळूच म्हणाले. “निरोप पुरता पोचायच्या आत सुटत असेल. हात बरोबरच होता तुमचा. माझंच डोकं चाललं नाही.”

“मीही तेव्हा तुमचं खरं मानलंच की,” ताई म्हणाल्या.

सरांनी कोरा कागद पुढे केला आणि अडखळले. “शोधनिबंधात नाव घालायचंय. तुमचं पूर्ण नाव... काय हो?”

ताईंनी हात पुसले. बारीक, सुटसुटीत अक्षरात नाव लिहिलं, आणि नोंदवहीच्या सवयीने खाली तारीखही घातली.