लाल मोटारीची डावी कमान

मित्रांनो, मी एक जुनी कमान आहे. देवळाच्या दारावरची नव्हे, मोटारीच्या बुडाखालची. तुम्ही ऐटीत मोटारीत बसता, खिडकीबाहेर हात काढून हवा खाता, पण तुमचं ओझं पाठीवर घेऊन चाकाच्या वर कोण वाकलेलं असतं, हे कधी खाली वाकून पाहिलंत? नाही पाहिलंत. रस्त्यातला खड्डा आधी चाकाला लागतो, मग मला, आणि उरलासुरला तुम्हाला. तेवढ्यातच तुम्ही "अगं आई गं" करता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते विचारू नका. जन्मताना कोणाला काय कळतं? कळायला लागलं तेव्हा मी एका मालट्रकखाली होते. लोखंडाचे नव्हे, चांगल्या पोलादाचे लांब पाटे एकावर एक रचून आमची जुडी बांधली होती. सगळ्यांत वर मी. दोन्ही टोकांना गोल वळवलेले डोळे माझेच, गाडीला धरून ठेवायचं काम माझंच. बाकीचे पाटे नुसते खालून टेकू देणारे. देवळी गावच्या जिनातल्या, सरकी काढलेल्या कापसाच्या गाठी वर्ध्याच्या स्टेशनावर पोचवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ट्रक म्हातारा झाला तसं त्याला मोडून विकलं, आणि मी भंगारात पडले. माझ्या अंगावर एक कुत्री व्याली. ज्या पाठीनं गाठी पेलल्या, तिच्यावर पिल्लं लोळू लागली. असो.

तिथून मला उचललं चंद्रभाननं. देवळीत वर्धा रस्त्याला लागून त्याचं दुकान होतं, आणि दुकानामागेच घर. त्याचे वडील बैलगाडीच्या चाकांना धाव चढवत. धाव म्हणजे लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा. तो भट्टीत लालभडक करायचा, चाकावर बसवायचा आणि लगेच पाणी ओतायचं, की पट्टा आकसून चाकाला गच्च आवळतो. त्या घरात एक रीत होती. पहिला तांब्या घरातल्या थोर बाईनं ओतायचा, मग बाकीच्यांनी. चंद्रभानची आई आनंदाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासू ओतत असे. सासूनंतर हा मान तिचा झाला, आणि आनंदाबाई आपला मान सोडणारी बाई नव्हती. शेजारीण तिच्या आधी विहिरीवर पोचली तरी तिला राग यायचा.

पुढे रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या आणि धावांचं काम आटलं. चंद्रभान वेल्डिंग शिकला. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली त्याच्या दारात ती लाल मोटार आली. ओढून आणली होती, बैलांनी. दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकलेली विलायती गाडी. कोण्या गिरणीच्या गोऱ्या साहेबानं हौसेनं आणलेली, पळण्यासाठीच बनवलेली. आता ती प्रभाकररावांची होती. प्रभाकरराव संत्र्यांच्या बागेचे मालक, हौशी माणूस, पण धीर नावाला नाही. गाडीचं इंजिन वाघासारखं गुरगुरे, आणि बूड मात्र बसलेलं. मागच्या कमानी गंजून तुटल्या होत्या. विलायतेतून सामान आणायचं तर परवाना लागे, आणि परवाना येईपर्यंत माणसाचे केस पिकत.

"चंद्रभान, तूच बनव," प्रभाकरराव म्हणाले. "नागपूरले जुन्या पळनाऱ्या मोटारींची शर्यत हाय. नियम असा हाय का हाकनाऱ्याच्या बाजूले मिस्त्री बसला पाह्यजे. तू बसजो."

चंद्रभान हसला. दारात तूर निवडत बसलेली आनंदाबाई हसली नाही. चंद्रभानच्या पाठचे दोघे लहानपणीच गेले होते, हा एकच उरला होता.

"इतक्या जोरात जाऊन पोचाचं कुठी हाय?" तिनं विचारलं.

"कुठीच नाई, माय. फिरून तिथंच याचं."

"मंग घरीच बस ना बाप्पा."

चंद्रभाननं ऐकलं नाही. बांबूची कामटी वाकवून त्यानं आधी गाडीखाली बाक धरून पाहिला. किती वाकवलं म्हणजे गाडी खड्ड्यात मऊ राहील आणि वळणावर उलटणार नाही, हे तो कामटी पुन्हा पुन्हा धरून ठरवत होता. मग भंगारातून मला निवडलं, कानशीनं घासून पाहिलं आणि म्हणाला, "ही हाय खरी." मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं कौतुक करणारा तो पहिला. मला कापलं, तापवलं, ठोकलं. नवा बाक दिला, नवे डोळे वळवले. दुखलं, पण भंगारात कुत्रीखाली पडण्यापेक्षा हे दुखणं बरं होतं.

डोळा वळवून झाला आणि त्यानं मला विटांवर टेकवलं. आता परत तापवून तेलाच्या पिंपात बुडवायचं, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात बाहेर प्रभाकररावांची हाक आली. हाकेवर हाक. चंद्रभान गेला.

भट्टीत तापलेलं लोखंड अंधारात लाल दिसतं, पण उन्हात तेच काळं दिसतं. दारातून ऊन थेट माझ्यावर पडलं होतं. मी आतून धगधगत होते आणि वरून निवलेली दिसत होते. आनंदाबाई आली. हातात तांब्या होता. मुलगा ज्या वस्तूवर बसून नागपूरला पळणार होता, तिला पहिलं पाणी आपल्या हातचं पडावं, एवढंच तिच्या मनात होतं. तोंडानं काहीतरी पुटपुटली आणि डोळ्यापाशी पाणी ओतलं.

चर्र झालं. वाफ उठली. आणि माझ्या पोटात काहीतरी टचकन तुटलं.

आनंदाबाईनं पदरानं हात पुसले. धावेवर पाणी पडलं की असंच चर्र होतं, तिनं जन्मभर ऐकलं होतं. ती समाधानानं निघून गेली. चंद्रभान परतला तोवर वाफ विरली होती आणि विटा सुकल्या होत्या. त्यानं मला पुन्हा तापवलं, तेलात बुडवलं आणि हात फिरवून पाहिला. चीर केसाहून बारीक होती, डोळ्याच्या आतल्या अंगाला. हाताला लागली नाही.

मग जुडी बांधली गेली आणि मला गाडीच्या डाव्या अंगाला बसवलं. उजवीकडे हाकणारा, डावीकडे मिस्त्री. म्हणजे चंद्रभान थेट माझ्यावर. ऐका आता, मागचं चाक जागेवर धरून ठेवणारी मी. मी भरवेगात तुटले तर चाक तिरपं होणार आणि गाडी रस्ता सोडणार. हे मला कळत होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

लोक पाहायला येत. वाकून माझ्याकडे बोट दाखवत. "वा रे चंद्रभान, विलायतेलेही जमलं नसतं!" अशा बोलण्यानं दुसरी कोणी फुगली असती. मी मात्र प्रत्येक वाहवेला घाबरत होते. आंजी गावच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली. गाडी काय पळाली! प्रभाकरराव ओरडत होते, चंद्रभान हसत होता, आणि प्रत्येक दचक्याला माझी चीर थोडी पुढे सरकत होती. मोरी आली, सरकली. बैलगाडीच्या चाकोऱ्या आल्या, सरकली. मी सगळा जीव एकवटून धरून राहिले. परत आल्यावर चंद्रभाननं माझ्यावरची धूळ पुसली आणि "शाबास" म्हणाला. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी रूपराव आला. शेजारचा भाजीवाला शेतकरी, जिभेला हाड नसलेला. त्यानं कुठल्याशा जुन्या कमानीच्या तुकड्याची घरीच कुऱ्हाड बनवली होती, आणि ती पहिल्याच घावाला फुटली होती.

"पानी पाजलं का हिले?" चंद्रभाननं विचारलं.

"पाजलं ना, चांगलं बालटीभर. तहानली होती बिचारी."

"अरे, हे कमानीचं पोलाद हाय, धावेचं लोखंड नोहे. लाल असतानी पानी पडलं का पोटात चीर जाते. वरून दिसत नाई अन् मंग एक दिवस दगा देते. याले तेलच लागते."

"तेल घरी भज्याले भेटत नाई, कुऱ्हाडीले कुठून आनू?" रूपराव म्हणाला, आणि दोघं हसले.

आनंदाबाई तिथेच तूर निवडत होती. तिचे हात सुपावर थांबले. तिनं मान वळवली आणि गाडीखाली, थेट माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, आता आम्ही दोघी जाणत होतो. एकीला तोंड नव्हतं. दुसरीला होतं, आणि अख्खी देवळी त्याला भीत होती, पण "माझं चुकलं" हे शब्द त्या तोंडातून कधी निघाले नव्हते. सुनेपुढे नाहीत, नवऱ्यापुढेही नाहीत.

संध्याकाळभर तिनं दुसरेच रस्ते शोधले. "चंद्रभान, माहे गुडघे लय दुखून राह्यले, उद्या दवाखान्यात ने."

"गोपिका नेईन ना, माय."

"उद्याचा दिवस चांगला नाई म्हनते."

"कोन म्हनते?"

"म्हनते कोनी तरी! सगळे नावं तुले सांगू काय?"

सून गोपिका चुलीपाशी हसू दाबत होती. "मामीजी, सकाळी त तुमीच म्हनल्या, दिवस सोन्यासारखा हाय."

"तू पोळ्या पाह्य, करपून राह्यल्या," आनंदाबाई म्हणाली. पोळ्या करपत नव्हत्या. मी गाडीखालून सगळं ऐकत होते आणि म्हणत होते, बोल गं बाई, बोल. गुडघ्यांचं नको, पाण्याचं बोल.

सकाळ झाली. गोपिकानं गाडीभोवती रांगोळी घातली. चाकांखाली लिंबं ठेवली. प्रभाकरराव नवा कोट घालून आले आणि घड्याळ पाहू लागले. चंद्रभान माझ्यावर येऊन बसला. त्याचं वजन अंगावर आलं आणि माझी चीर कुरकुरली. ती फक्त मला ऐकू आली.

"आनंदाबाई, टाका पानी चाकावर, निघू द्या आमाले," प्रभाकरराव म्हणाले.

आनंदाबाई तांब्या घेऊन पुढे आली. माझ्या चाकापाशी थांबली. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिच्याच पायावर सांडलं.

"माय, काऊन थांबली?"

"उतर खाली," ती म्हणाली.

"आता काय झालं?"

"उतर म्हनते ना! या कमानीवर मी पानी टाकलं होतं. भट्टीतून काढली तेव्हा, तू बाहेर गेलता तेव्हा. थंडी झाली असं वाटलं मले. माह्या हातानं टाकलं." मग तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोनाले काई बोलाचं असन त आत्ताच बोलून घ्या. उद्या मी कोनाचं ऐकनार नाई."

मग प्रभाकररावांनी घड्याळ पाहिलं. "अहो, आंजीले जाऊन आली ना गाडी! इतकी पळाली, काई झालं नाई. ही शंका नागपूरहून आल्यावर पाहू."

"आल्यावर," आनंदाबाई म्हणाली, "कोन येईन ते त सांगा."

चंद्रभान उतरला होता. गाडी जॅकवर चढवून त्यानं मला सोडवलं. माझा डोळा घासलेटानं पुसला, कोरडा केला, आणि गोपिकाच्या रांगोळीची चिमूट घेऊन त्यावर भुरभुरली. सगळे वाकून पाहू लागले. पांढऱ्या रांगोळीवर हळूहळू एक काळी ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं घासलेट बाहेर येत होतं. रेघ डोळ्यापासून पार मधल्या बाकापर्यंत गेली होती.

चंद्रभाननं मला शिकंज्यात धरलं आणि हातोडा मारला. एकच. माझा डोळा तुटून प्रभाकररावांच्या नव्या बुटापाशी पडला.

तुम्हाला वाटेल मी दुःखी झाले. नाही हो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा जीव हलका झाला. प्रभाकररावांनी अंगातला नवा कोट काढून ठेवला. चंद्रभाननं आईकडे पाहिलं. तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्यानं तिच्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"लय गोड हाय माय," तो म्हणाला. "वाया काऊन घालवतं?"

"चल, फाजील!" आनंदाबाई म्हणाली, आणि घरात निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या वर्षी शर्यत चुकली. चंद्रभाननं दुसरी कमान बनवली आणि पुढच्या हिवाळ्यात ते गेले. गाडी कितवी आली ते मला ठाऊक नाही, मी सोबत नव्हते. दोघं हसत घरी आले, एवढं मी पाहिलं.

आता मी भट्टीजवळच्या खुंटीला टांगलेली असते, दोन तुकड्यांत. दसऱ्याला हत्यारांसोबत माझीही पूजा होते. मित्रांनो, आम्हा वस्तूंच्या पोटात काय फुटलं आहे ते आम्हाला सांगता येत नाही. ज्यानं आम्हाला हाताळलं त्यानंच ते सांगायचं असतं, आणि लाज वाटली तरी गाडी निघायच्या आधी सांगायचं असतं. आमच्यावर कोणीतरी बसणार असतं, हे विसरू नका.

आनंदाबाईनं पहिल्या पाण्याचा मान सोडलेला नाही. तो ती कोणाला देईल, असंही नाही. पण आजही भट्टीतून काही बाहेर आलं की ती तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी राहते, आणि जन्मात कोणाची परवानगी न मागितलेली ती बाई मुलाला हाक मारून विचारते,

"चंद्रभान, टाकू का रे?"

आणि तो "टाक" म्हणेपर्यंत थांबते.