कासवाने घेतलेला काचबिंदू

दर शुक्रवारी दुपारी उझबेकिस्तानातल्या मार्गिलानच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. कोणाच्या काखेत कासव, कोणाच्या टोपलीत कासव. एका म्हाताऱ्याने तर झग्याच्या ओच्यात घालून आणलेले. सगळे जण हकीम तुराबच्या अंगणात तुतीखाली बसलेले. डोळे माणसांचे आजारी, आणि ते बरे व्हायचे कासवांच्या जिवावर.

हा तुराब परवापरवापर्यंत बाजारात जुने टायर विकायचा. टायरचा धंदा बसला आणि तो हकीम झाला. जीभ मात्र तीच राहिली.

"आजार म्हणजे पाहुणा," दाढी कुरवाळत तो सांगे. "पाहुण्याला कोणी धक्के मारून काढतं का? त्याला शेजारच्या घरी पोचवायचं. डॉक्टर काय करतो? थेंब टाकून दारच बंद करतो. पाहुणा आत कोंडला जातो. म्हणून आधी थेंब बंद. मी त्याला वाट दाखवतो, माणसाच्या डोळ्यातून कासवाच्या डोळ्यात. कासव काय, शंभर वर्षं जगतं. त्याला दिसलं काय, न दिसलं काय."

इलाज सोपा होता. घरचे कासव माणसाच्या कपाळाला टेकवायचे, हकीमाने फुंकर मारायची. मग चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस, कासव अंधाऱ्या पेटीत ठेवायचे आणि हकीमाने फुंकलेल्या रोटीखेरीज त्याला काही द्यायचे नाही.

आज शराफत आपांची पेटी उघडायची होती. हकीमाने झाकण काढले आणि आपांचे लाडके कासव, खानसाहेब, दोन्ही हातांनी वर धरले. पापण्या सुजून टम्म झालेल्या, डोळे गच्च मिटलेले. अंगणभर "सुभानल्ला" घुमले.

"बघून घ्या," हकीम म्हणाला. "आपांचा काचबिंदू याच्या डोळ्यात उतरला. आता हे डोळे मिटलेले आहेत तोवर आपा सुखरूप. उघडले, तर आजार आल्या पावली परत. म्हणून पेटी पुन्हा बंद, आणखी एक चिल्ला."

"माझे डोळे तर कधीचेच हलके झालेत," शराफत आपांनी सगळ्यांना सांगितले. "लाली गेली, चुरचुर गेली."

हे सांगताना त्यांनी हात हलवला आणि उजवीकडे ठेवलेली चहाची वाटी लवंडली. त्या आठवड्यातली ती कितवी वाटी होती कोण जाणे. ती पुसायला होसियत पुढे झाली.

होसियत त्यांची सून. नवरा रशियात कामाला, ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सकाळी पोरांना डोळ्याची रचना समजावायची आणि दुपारी इथे चहाची किटली घेऊन मान खाली घालून उभी राहायची. चार माणसांत सुनेने तोंड उघडायचे ते "हो, आई" म्हणण्यापुरते. लाली का गेली हे तिला ठाऊक होते. चुरचुर थेंबांचीच होती. थेंब थांबले, चुरचुर थांबली. आजार मात्र आत बसून डोळा पोखरत होता. मोठ्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "यात गेलेली नजर परत येत नाही. आधी कडेची जाते, मग मधली. म्हणून माणसाला वेळेवर कळतही नाही."

घरी तिने एकदा विषय काढून पाहिला. "आई, थेंब निदान रात्रीचे तरी घाला."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का गं?" असे उत्तर मिळाले. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पिशवीत खानसाहेबांना घालून होसियत गुरांचे डॉक्टर झोकिर यांच्याकडे गेली. त्यांनी कासव उलटसुलट पाहिले. "खातं काय?"

"रोटी."

"आणि?"

"अजून रोटी."

झोकिर हसले नाहीत. "या मोसमात माझ्याकडे आलेलं असलं हे कितवं कासव, मोजणंही सोडलंय. रोटीचा तुकडा टाकायचा नाही, पाप लागतं. मग घातला कासवापुढे. पुण्याचं पुण्य, घर स्वच्छ. अहो बाई, हा पाला खाणारा प्राणी. नुसत्या रोटीवर ठेवला की अ जीवनसत्त्व मिळत नाही आणि पापण्या सुजतात. मग दिसत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून मरतं."

"पण काचबिंदू..."

"काचबिंदू एका डोळ्यातून दुसऱ्यात जायला तो काय ऊ आहे?"

त्यांनी एक इंजेक्शन दिले, डोळे धुवायला सलाईनचे पाणी दिले, रोज कोमट पाण्यात बसवायला सांगितले. "रानातल्या दुधाळीची पानं द्या, तुतीची द्या, गाजराचा पाला द्या. आणि औषध आपल्या मनाने वाढवू नका. जास्त झालं की कातडी सोलवटते."

पेटी सांभाळणे हे सुनेचेच काम. पेटीत डोकवायची सासूबाईंना भीती वाटे. म्हणजे हकीमाच्या धाकानेच होसियतची सोय केली. पहाटे ती खानसाहेबांना कोमट पाण्याच्या परातीत बसवी आणि पाला भरवी. मनातून ती घाबरलेली असे. कासव सुधारायला वेळ लागत होता आणि आईंच्या नजरेला तो वेळ नव्हता. एक दिवस एक पापणी किलकिली झाली. मग दुसरी. मग खानसाहेब पेटीतून तिच्याकडे असे टकमक बघू लागले, जणू घरभाडे मागायला आलेत.

पुढच्या एका शुक्रवारी हकीमाने शराफत आपांना साक्षीला बोलावले. नवे रोगी बिचकत होते. हकीमाने ऐटीत झाकण काढले, कासव वर धरले आणि त्याचा चेहरा पडला. खानसाहेबांचे काळेभोर डोळे सगळ्या अंगणावरून फिरले.

शराफत आपांनी किंकाळी फोडली. "परत आला गं आजार. मला काही दिसेना. अंधार, सगळा अंधार."

"चिल्ला मोडला कोणीतरी," हकीम ओरडला. "कोणी पापी आहे आपांच्या घरात."

किटली खाली ठेवून होसियत म्हणाली, "मी आहे."

सून बोलली, तीही भर अंगणात.

"आई, खानसाहेबांनी डोळे उघडले त्याला आठवडा होऊन गेला. आजार परत यायचा तर तेव्हाच यायला हवा होता. काल तुम्ही सुईत दोरा ओवलात. आज सकाळी पुलावात गाजर जाड चिरलं म्हणून माझी खरडपट्टी काढलीत. अंधार आत्ता झाकण उघडल्यावर कसा झाला?"

आपांनी हळूच एक डोळा उघडला. कोणीतरी खुदकन हसले.

हकीम सावरला. "म्हणजे इलाज पक्का झाला. आजार कासवातूनही गेला."

"मघाशी तर पापी शोधत होता," होसियत म्हणाली, आणि लोकांकडे वळली. "घरात कासवाला उरलीसुरली रोटीच कोण घालतं?"

एक हात वर झाला, मग दुसरा, मग जवळजवळ सगळेच.

"आणि कोणाच्या कासवाचे डोळे इथे यायच्या आधीच सुजले होते?"

झग्यात कासव आणणारा म्हातारा खाकरला. "माझ्याचे. हकीमजी म्हणाले, याने घाई केली."

आता हसू दाबणे कोणाला जमले नाही. होसियत मात्र हसली नाही. ती सासूच्या शेजारी, थोडी मागे बसली आणि त्यांच्या उजव्या कानाच्या पुढे हात धरला. "आई, समोर हकीमजींकडे बघा, मान वळवू नका. माझी बोटं किती?"

"कुठली बोटं?" आपा म्हणाल्या. "हात कुठाय तुझा?"

होसियतने हात पुढे आणला. अजून पुढे. जवळजवळ नाकासमोर आल्यावर आपा म्हणाल्या, "तीन."

अंगणातले हसू विरले. त्या लवंडलेल्या वाट्या आता आपांनाही आठवल्या असाव्यात. त्यांनी उजवीकडे चाचपून सुनेचा हात धरला. "सूनबाई, हे कधी गेलं गं?"

"तुम्ही थेंब टाकायचे बंद केल्यावर हळूहळू जात होतं."

"परत येईल?"

"नाही, आई. राहिलंय ते वाचेल."

हकीम तुराब तेवढ्यात मागच्या दाराने सटकला. आता दुसऱ्या एका गावात तो सांधेदुखी कोंबड्यांत उतरवतो असे ऐकू येते.

शराफत आपा त्याच संध्याकाळी शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि थेंब पुन्हा सुरू झाले. समोरचे त्यांना अजून दिसते. कडेचे हकीमाच्या फुंकरीत गेले ते गेलेच. रोटीचे तुकडे आता कोंबड्यांना जातात, खानसाहेबांना पाला मिळतो आणि शेजारणींना न मागता सल्ला मिळतो. "रोटीचा मान राखायला ती कपाळाला लाव, पण कासवाला घालू नकोस. आणि कोणी फुंकर मारून थेंब बंद करायला सांगितलं ना, तर आधी त्याला विचार, माझी नजर गेली तर तुझी देशील का."