कापूस भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही

प्रत्येक महान उद्योगाच्या पायाशी एक महान विचार असतो, असे थोरले साहेब दर वर्धापनदिनी हात उंचावून सांगत, आणि देशोदेशींच्या कचेऱ्यांतून पडद्यावर त्यांना पाहणारी हजारो माणसे टाळ्या वाजवत. या उद्योगाच्या पायाशी मात्र गादी होती. तीही सिंगल.

ही गोष्ट खरी आहे हे आता घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते, आणि घरच्यांपैकी थोरले साहेब ती सोयीस्करपणे विसरले होते. धाकट्या साहेबांनाही विसरायची होती, पण त्यांना ते जमत नव्हते. थोरले आणि धाकटे हे भाऊ नव्हेत, साडू. दोघी बहिणींशी दोघांची लग्ने झाली तेव्हा धाकट्यांना संगणकाचे वेड होते आणि थोरल्यांना बोलण्याचे. सासरे गाद्यांचे कारखानदार. एकदा ते धाकट्यांना म्हणाले, "जावईबापू, तुमच्या त्या पेटीत माझा हिशेब बसतो का बघा जरा."

सासऱ्याला नाही म्हणणारा जावई अजून जन्मायचा आहे. धाकट्यांनी बसवला. गिऱ्हाइकाचे नाव, गादीची लांबी-रुंदी, खोळीचा रंग आणि कापूस. शेवटच्या रकान्यावर सासऱ्यांचा फार जीव. कारखान्यातली माणसे कापूस किती घातला ते लिहायचे सोडून बाकी सगळे लिहीत.

"कापूस भरल्याशिवाय तुमच्या पेटीने पुढचं पानच दाखवायचं नाही," सासरे म्हणाले.

"आणि कुणी शून्य भरलं तर?"

"शून्य कापसाची गादी असते का हो? तिला खोळ म्हणतात."

म्हणून शून्याला बंदी आली. वर सासऱ्यांना प्रत्येक खर्च किलोमागे हवा होता, म्हणून धाकट्यांनी आतल्या सगळ्या आकड्यांना कापसाने भागून टाकले. तरुणपणी माणूस असे काहीबाही करतो.

सासऱ्यांच्या शेजारी टायरचे दुकान होते. टायरवाल्याला तोच हिशेब हवा झाला. धाकटे म्हणाले, "त्यातला कापूस काढून देतो." काढला, तर टायरांच्या किमती आभाळाला भिडल्या आणि एक ट्यूब कायमची उधारीवर दिसू लागली. सगळेच कापसाने भागलेले. कापूस काढला की भिंतीतली वीट काढल्यासारखे व्हायचे. थोरले टायरवाल्याला म्हणाले, "तुम्ही तिथे काहीही आकडा टाका हो. पुढचं आम्ही बघतो." टायरवाल्याने टाकला. हिशेब चोख लागला. त्याने व्याह्याला सांगितले, व्याह्याची शाळा होती. शाळेने दवाखान्याला सांगितले, दवाखान्याने बँकेला. पाहता पाहता दोघा साडूंची कंपनी झाली, कंपनीची इमारत झाली, आणि एके दिवशी जहाजांच्या मालकांनी परदेशातून बोलावणे धाडले. प्रत्येक गिऱ्हाइकाने पहिल्या दिवशी एकच विचारले, "हे कापूस काय आहे?" आणि थोरल्यांनी दरवेळी, डोळे किंचित मिटून, वेगळे उत्तर दिले.

परदेशात तर बहारच झाली. एका देशातल्या भाषांतरकाराने कापसाचा 'मऊपणा' केला. तिथल्या बँका आजही रोज संध्याकाळी आपला मऊपणा भरून मगच कुलूप लावतात. दुसऱ्या देशात 'गाभा' झाला, आणि दरवर्षी गाभा वाढवणाऱ्या कर्मचाऱ्याचा सत्कार होऊ लागला. एका प्रतिस्पर्ध्याने तर कंपनीची सगळी करामत चोरली. चोरताना कोणती वस्तू कशाला लागते ते न कळल्याने कापूसही उचलून नेला. पुढे थोरल्यांनी तो प्रतिस्पर्धीच विकत घेतला, तेव्हा घरात दोन कापूस झाले. त्या दोन कापसांत समेट घडवायला एक विभाग काढला. त्या विभागाची प्रमुख थोरल्यांची मुलगी. म्हणजे धाकट्यांची भाची. तिने कापसावर डॉक्टरेट केली होती.

इथपर्यंत सगळे ठीक होते. धाकटे निवृत्तीला आले होते, नातेवाइकांच्या घरचे पंखे दुरुस्त करत होते आणि कंपनीत फक्त सहीपुरते जात होते. मग त्यांच्या बायकोच्या पोटात दुखू लागले.

मूतखडा होता. भर दुपारी दवाखान्यात नेले. ती चाकांच्या खाटेवर आडवी, कण्हतेय, आणि खिडकीतला कारकून पडद्याकडे बघत म्हणाला, "कापूस किती?"

"कसला कापूस?" बाई कळ सोसत म्हणाल्या.

"'कसला कापूस' चालत नाही. आकडा सांगा."

"ही काय कापूसकोंड्याची गोष्ट आहे का रे मेल्या?"

"मावशी, माझ्यावर कशाला चिडता? आम्ही आपले रोज सात टाकायचो. पण नवी आवृत्ती आलीय. रोज तोच आकडा टाकला की ओळखते."

धाकटे खिडकीत घुसले. "अहो, हे मी लिहिलंय! मी!"

कारकुनाने त्यांच्याकडे आदराने पाहिले. "बरं झालं तुम्ही भेटलात. मग किती टाकू?"

धाकट्यांना सांगता येईना. शेवटी खाटेवरूनच आवाज आला, "पंधरा टाक! डबल गादी, जाड!" गादीवाल्याची मुलगी होती ती. पडदा हिरवा झाला आणि बाई आत गेल्या.

खडा दोन दिवसांनी आपण होऊन पडला. राग मात्र पडेना.

"बाबा गेले," घरी आल्यावर बायको म्हणाली, "कारखाना गेला, गाद्या फोमच्या झाल्या. आणि कापूस अजून माझ्या उरावर? वर्धापनदिनापर्यंत तो रकाना जायला हवा. तोवर मी तुमच्याशी बोलायची नाही. आणि गेला नाही, तर त्यानंतरही नाही."

"अगं, पण..."

"फ्रीज," ती फ्रीजकडे वळून म्हणाली, "त्यांना सांग, भाजी गरम करून घ्या म्हणावं."

फ्रीजने निरोप दिला नाही, पण धाकट्यांना समजला. अख्खा संसार ज्या आवाजावर चालला होता, तो आता फ्रीज, मिक्सर आणि दाराची कडी यांच्याशी बोलू लागला. संध्याकाळी चहा घेताना ते तिच्यासमोर बसत आणि ती साखरेच्या डब्याला दिवसभराचे सांगे. धाकट्यांना डब्याचा हेवा वाटू लागला.

ते कंपनीत गेले. स्वतःच्या हाताने रकाना काढावा आणि मोकळे व्हावे असा बेत होता. पण त्यांचा पासवर्ड कधीचा बाद झाला होता. पडद्यावर विनंतीचे पान उघडले. त्यांनी लिहिले : 'कापूस हा रकाना काढून टाकावा.' पुढे जायला बटण दाबले, तर लाल अक्षरे आली : 'कापूस भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.'

वाक्य त्यांचेच होते. मग बायकोची आठवण काढून पंधरा टाकले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले : 'विनंती नामंजूर. कारण : कापूस अपुरा.'

ते थोरल्यांच्या खोलीत गेले.

"या साडूबुवा," थोरले म्हणाले. "तब्येत काय म्हणते धाकटीची?"

"बोलत नाही."

"तब्येत?"

"धाकटी. दादा, तो कापूस काढू या आता."

थोरल्यांनी चष्मा काढला. "पायाचा दगड कधी हलवतात का?"

"दगड नाही हो, कापूस आहे तो!"

"मग तर मुळीच नाही. दगडावर कुणीही बांधेल. आपण कापसावर बांधलंय!" स्वतःचे वाक्य त्यांना इतके आवडले की त्यांनी ते लगेच कुणाला तरी फोनवर सांगितले.

राहिली भाची. तिचा विभाग वरच्या तीन मजल्यांवर पसरला होता. धाकटे लिफ्टमधून उतरले तर भिंतीवर बोंडाचे मोठे चित्र आणि त्याखाली गंभीर चेहऱ्याने काम करणारी माणसे. भाचीने धावत येऊन हात धरला. "काका! किती दिवसांनी! आईला सांगते, मावशीला घेऊन जेवायला या."

"येऊ गं. आधी मला एक सांग. कापूस म्हणजे काय?"

भाची हसली. परीक्षकाच्या प्रश्नाला हसावे तसे. तिने एक आलेख उघडला. त्यात रेघा होत्या आणि त्या सगळ्या वर जात होत्या. "हे बघा. ज्या संस्था कापूस मन लावून भरतात, त्या वाढतात. ज्या काहीही टाकतात, त्या बुडतात. पंचवीस देशांत तपासलंय आम्ही."

"अगं, जो हा रकाना मन लावून भरतो, तो बाकीचंही मन लावूनच करत असेल!"

"तेच तर!" भाची टाळी वाजवून म्हणाली. "हेच आम्ही कापसातून मोजतो!"

धाकट्यांना वाटले की आपण वाद जिंकला, आणि त्याच क्षणी हरलोही. "बाळा, तुझ्या आजोबांच्या गादीतला कापूस आहे तो. पिंजून भरायचे तो. खराखुरा."

"हो काका, ती कथा आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो." तिचे डोळे पाणावले. "किती सुंदर रूपक आहे ना?"

"रूपक नाही गं. गादी."

"कळतंय मला काका," ती हळूच म्हणाली, आणि तिला काहीच कळले नाही हे धाकट्यांना कळले. पलीकडच्या टेबलावरच्या एका मुलीने मान वर करून विचारले, "सर, तुमचा स्वतःचा कापूस किती?" आणि धाकट्यांनी, देवाशपथ, क्षणभर विचार केला. कमी असावा, असे त्यांना वाटले.

खाली येताना ते चुकून दुसऱ्याच मजल्यावर उतरले. तो विकत घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याचा मजला होता. तिथल्या माणसाने "तुमचा कापूस पहिला की दुसरा?" असे विचारले. "पहिला," धाकटे म्हणाले. "मग वर," तो म्हणाला. ते वर गेले, पुन्हा खाली आले. आपण ही कंपनी काढली, की कंपनीने आपल्याला काढले, हे त्यांना नीटसे सांगता आले नसते.

वर्धापनदिन उजाडला. सभागृह तुडुंब. थोरल्यांनी महान विचाराचे भाषण नेहमीप्रमाणे केले. पहिल्या रांगेत थोरली, तिच्या शेजारी धाकटी; तोंड मिटलेले. मग थोरल्यांनी "दोन शब्द बोलतील" म्हणून धाकट्यांना पुढे ढकलले. इतक्या वर्षांत ते कधी बोलले नव्हते. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. आता नाही तर कधीच नाही.

"मी खरं तेच सांगतो," धाकटे म्हणाले. "कापूस म्हणजे कापूस. माझे सासरे गाद्या करायचे, त्यांना तो लागायचा. तुम्हाला लागत नाही. इतकी वर्षं तुम्ही सगळे उगाच भरताय. त्यात काही नाही हो. आत नुसता कापूस आहे. तो काढून टाका. मी हात जोडतो."

सभागृहात टाचणी पडली असती तर दचकली असती. मग भाची उभी राहिली. डोळे पुशीत ती टाळ्या वाजवू लागली. तिच्यामागे तीन मजले उठले. मग सगळेच उठले. पडद्यावर दूरदेशीची माणसे उभी दिसली. तिकडच्या दुभाष्याने "मऊपणा म्हणजे मऊपणा" असे सांगितले होते आणि एक म्हातारा बँकवाला चक्क रडत होता.

थोरल्यांनी माईक काढून घेतला. "ऐकलंत?" ते गहिवरून गरजले. "त्यात काही नाही! आत नुसता कापूस आहे! अरे, असं बोलायला तपश्चर्या लागते! साडूबुवा, आजपासून हा रकाना मधल्या पानावर राहणार नाही. तो पहिल्या पानावर येईल. आणि यापुढे तो तुमच्याच नावाने ओळखला जाईल!"

टाळ्या थांबेनात. कुणी धाकट्यांच्या खांद्यावर शाल घातली, कुणी पाया पडले. यापुढे दवाखान्याच्या खिडकीत लोकांना त्यांच्याच नावाने अडवणार होते. त्यांनी घाबरत घाबरत पहिल्या रांगेकडे पाहिले.

बायको त्यांच्याकडे बघत होती. तिने हात वर केला.

टाळ्या थांबल्या. थोरल्यांनी खूण केली, तसा कुणीतरी धावत जाऊन तिच्या हातात माईक दिला. देशोदेशींचे पडदे तिच्या चेहऱ्याने भरले. दुभाषे सरसावले. धाकट्यांनी डोळे मिटून घेतले.

"अहो," ती म्हणाली, "तो एसी जरा कमी करायला सांगा ना. सरळ मानेवर येतोय."